आशेस कसोटी हवी

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत उष्णतेचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून मला विचारलें, "सर, चिमूटभर धातूच्या भुकटीपासून साऱ्या गांवाला पुरेल इतकी शक्ति काढणारें यंत्र एका इटालियन गृहस्थानें बनविलें आहे, असें माझे काका म्हणतात. हें खरें काय?" तास संपावयास पांच मिनिटें उरलीं होतीं. मीं म्हटलें, "तें सारें थोतांड आहे, खालीं बैस." मुलगा बसला. वर्ग हंसला. माझें उत्तर बव्हंशीं बरोबर असेलहि. परंतु तें देण्याची रीति सर्वस्वी चुकीची होती, हें त्या मुलाचा उतरलेला चेहरा आठवून मला घरीं जातांना उमगलें. ज्या विषयांत त्यानें 'कशावरून?' असें विचारावयास शिकावें, त्याच विषयांत मीं त्याला 'मी म्हणतों म्हणून' असें सांगून गप्प केलें होतें. त्या दिवशींचें अपुरें राहिलेलें उत्तर पुरें करावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मूळ गोष्ट अशी. हायड्रोजनाच्या अणूंचीं केंद्रें एकत्र येऊन त्यांपासून हेलियम बनतो, तेव्हां थोडें वस्तुमान नाहींसें होऊन त्याच्या बदल्यांत विपुल शक्ति प्रकट होते. या क्रियेस अणुसंमीलन म्हणतात, आणि सूर्य याच क्रियेनें तळपतो. हायड्रोजनाचा एक जड भाऊ आहे. त्याचें नांव ड्यूटेरियम. समुद्राच्या पाण्यांत हायड्रोजनाच्या सुमारें ६,५०० अणूंमागें एक अणु ड्यूटेरियमचा असतो. इंधन असें समुद्रभर पसरलेलें असतां मनुष्य कोळसा कां जाळतो, हा प्रश्न कोणाहि विचारी वाचकाच्या मनांत उभा राहील. उत्तर एवढेंच कीं, दोन्ही केंद्रांवर धन विद्युद्भार असल्यामुळें तीं एकमेकांस दूर लोटतात. हा विरोध मोडण्यास सूर्याच्या गाभ्यांत दीड कोटि अंश उष्णतामान आणि प्रचंड दाब आहे. पृथ्वीवर तेवढा दाब आणतां येत नाहीं, म्हणून येथें दहा-पंधरा कोटि अंशांपर्यंत जावें लागतें. अमेरिकेंतील लिव्हरमोर येथें ५ डिसेंबर २०२२ रोजीं लेसर किरणांनीं २.०५ मेगाज्यूल शक्ति लक्ष्यावर टाकून ३.१५ मेगाज्यूल शक्ति मिळविण्यांत शास्त्रज्ञांना यश आलें. तथापि तो लेसर चालविण्यासच सुमारें ३०० मेगाज्यूल वीज खर्चीं पडली होती. तेव्हां हा मार्ग खरा असला, तरी लांबचा आहे.

इतका लांबचा मार्ग पाहून मनुष्यास आडवाट शोधावीशी वाटावी, यांत नवल तें काय? २३ मार्च १९८९ रोजीं युटा विद्यापीठांत स्टॅन्ली पॉन्स व मार्टिन फ्लाइशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं वार्ताहरांस बोलावून अशीच एक आडवाट सांपडल्याचें जाहीर केलें. जड पाण्यांत पॅलेडियम धातूची कांडी बुडवून तींतून विजेचा प्रवाह सोडला असतां दिलेल्या शक्तीपेक्षां अधिक उष्णता बाहेर पडते, आणि ती इतकी असते कीं, कोणत्याहि रासायनिक क्रियेनें तिचा उलगडा होत नाहीं. अर्थात् हें अणुसंमीलनच होय, असें त्यांचें म्हणणें होतें. हे दोघे कोणी भोंदू नव्हते. फ्लाइशमन हे रॉयल सोसायटीचे सभासद व विद्युत्-रसायनशास्त्रांतील मान्यवर पंडित. दोघांनीं मिळून या प्रयोगांवर आपल्या पदरचे सुमारें एक लाख डॉलर खर्च केले होते. पॅलेडियममध्यें हायड्रोजन वायु विपुल शोषला जातो, हेंहि रसायनशास्त्राला जुनेंच ठाऊक होतें. कोटि अंशांची भट्टी नको, प्रचंड यंत्रें नकोत. एक कांचेचें भांडें, थोडें जड पाणी आणि धातूची एक कांडी! १२ एप्रिल रोजीं डॅलस येथें भरलेल्या सभेंत सुमारें सात हजार रसायनशास्त्रज्ञांनीं पॉन्स यांचें टाळ्यांच्या कडकडाटांत स्वागत केलें. युटा राज्यानें या कामासाठीं ५० लक्ष डॉलर मंजूर केले.

आपल्या मुंबईसहि या बातमीची लाट येऊन पोंचली. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राला जड पाण्याचा दीर्घ अनुभव होता, आणि ट्रिटियम मोजण्याची साधनेंहि तेथें सिद्ध होतीं. तेव्हांचे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकारानें तेथील अनेक गटांनीं १९८९ सालींच प्रयोग केले, आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याचे वृत्तान्त एकत्र करून प्रसिद्ध केले. मात्र त्यांत एक विलक्षण विसंगति होती. ड्यूटेरियमच्या नेहमींच्या संमीलनांत न्यूट्रॉन आणि ट्रिटियम हे जवळजवळ सारख्या प्रमाणांत निघतात; येथें ट्रिटियम न्यूट्रॉनांपेक्षां कितीतरी पटींनीं अधिक दिसत होतें. पुढें कांहीं वर्षांत हें काम मंदावलें आणि जगाच्या विद्वत्सभेंत त्यास मान्यता मिळाली नाहीं. तरीहि आमच्या शास्त्रज्ञांनीं बातमी ऐकून नुसतें नाक मुरडलें नाहीं, स्वतःच्या हातांनीं पडताळा पाहिला, ही गोष्ट मला भूषणावह वाटते.

आतां संशयाची बाजू पाहूं. संशय हा मत्सरांतून जन्मला, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो गणितांतून जन्मला. ड्यूटेरियमच्या संमीलनांतून एक वॅट उष्णता मिळावयाची, तर दर सेकंदास सुमारें एक लाख कोटि न्यूट्रॉन बाहेर पडले पाहिजेत. कांचेच्या भांड्याशेजारीं कांहींहि आडोसा न घेतां उभ्या असलेल्या मनुष्यास ते जिवंत ठेवते ना. युटाचे दोघेहि शास्त्रज्ञ तर धडधाकट होते. शेगडी धगधगत आहे म्हणावें आणि राखेचा कणहि सांपडूं नये, तसा हा प्रकार झाला. जॉर्जियांतील एका संस्थेनें न्यूट्रॉन सांपडल्याचें जाहीर केलें, परंतु आपलें मापनयंत्र उष्णतेमुळेंच फसलें असें कळतांच थोड्याच दिवसांत तिनें आपला शब्द मागें घेतला. १ मे रोजीं बाल्टिमोर येथील पदार्थविज्ञानाच्या सभेंत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनीं आपले निष्फळ प्रयोग व मूळ प्रयोगांतील उणिवा मांडल्या. नोव्हेंबर १९८९ मध्यें अमेरिकन सरकारच्या समितीनें पुरावा पटण्याजोगा नाहीं, असा अभिप्राय दिला; मात्र चांगल्या रीतीनें आंखलेल्या प्रयोगांस माफक साहाय्य देण्यास हरकत नाहीं, असेंहि तिनें म्हटलें. १९९१ सालीं युटांतील शीतसंमीलनाची संस्था बंद पडली.

माझ्या विद्यार्थ्याच्या काकांनीं ज्या इटालियन गृहस्थाचें नांव ऐकलें होतें, ते आन्द्रेआ रोस्सी. १४ जानेवारी २०११ रोजीं बोलोन्या येथें प्राध्यापक सेर्जिओ फोकार्दी यांच्यासह त्यांनीं आपलें यंत्र लोकांपुढें चालवून दाखविलें. आंत निकेलची भुकटी, हायड्रोजन वायु, आणि एक असा पदार्थ कीं, ज्याचें नांव ते सांगत ना. थोडी वीज आंत घालावी, पाणी सोडावें, आणि अनेकपट उष्णता वाफेच्या रूपानें घ्यावी, असा त्यांचा दावा होता. दावा ऐकून जगभर दोन तट पडले. एक तट म्हणे, आतां कोळशाचें व तेलाचें राज्य संपलें. दुसरा म्हणे, ही निव्वळ फसवणूक आहे. मधल्या मार्गानें जाऊन 'वाफ कोरडी होती कीं ओली?' असें विचारणारे लोक थोडे होते. परंतु सर्वांत उपयुक्त प्रश्न त्यांचाच होता.

हा प्रश्न शाळकरी मुलासहि समजेल. २० अंशांचें एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत नेण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. परंतु त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारें ५४० कॅलरी लागतात. आतां नळींतून वाफेबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंबहि जात असतील, आणि मोजणारा सारेंच पाणी वाफ झालें असें धरून हिशेब करील, तर उष्णता फुगून दिसेल. पराकाष्ठेची स्थिति घेतली, म्हणजे बहुतेक सारें पाणी नुसतें उकळून बाहेर पडलें, तर ८० च्या जागीं ६२० मांडले जातील. म्हणजे मुळांतील उष्णता कागदावर जवळजवळ आठपट होईल. हा चमत्कार यंत्राचा नव्हे, हिशेबाचा होय.

पुढें २०१४ सालीं लुगानो येथें त्या यंत्राची ३२ दिवस परीक्षा झाली, आणि परीक्षकांनीं अनुकूल मत दिलें. परंतु त्यांनीं उष्णतामान दूरवरून उष्णताचित्रक यंत्रानें मोजलें होतें, आणि यंत्राच्या पृष्ठभागाची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता चुकीची धरली गेली, असा आक्षेप लागलीच निघाला. शिवाय इंधन घालते व काढते वेळीं शोधक स्वतः तेथें हजर होते. रोस्सी यांचें यंत्र घेणाऱ्या अमेरिकन कंपनीनें त्यांस १ कोटि १५ लक्ष डॉलर दिले. उरलेल्या ८ कोटि ९० लक्षांसाठीं त्यांनीं २०१६ सालीं तिच्यावर दावा लावला. आपण तीन वर्षांहून अधिक काळ खटपट करूनहि त्यांचे परिणाम सिद्ध करूं शकलों नाहीं, असें कंपनीचें म्हणणें होतें. जुलै २०१७ मध्यें ज्यूरीचा निकाल होण्यापूर्वींच उभयतांत तडजोड झाली. म्हणजे न्यायासनानें कोणासहि खोटें ठरविलें नाहीं, आणि स्वतंत्र प्रयोगशाळांनीं मान्य केलेला पुरावाहि आजपर्यंत पुढें आलेला नाहीं.

या सर्वावर आशावादी लोकांचें एक ठराविक उत्तर असतें. तेलाचे व कोळशाचे धनाढ्य व्यापारी असले शोध दडपून टाकतात, असें ते म्हणतात. धनवंतांच्या स्वार्थाविषयीं मला भाबडा विश्वास नाहीं. परंतु या प्रकरणाचा इतिहास त्या उत्तरास अनुकूल नाहीं. पॉन्स व फ्लाइशमन यांना अमेरिका सोडावी लागली, तेव्हां टोयोटाशीं संबंधित असलेल्या संस्थेनें फ्रान्समध्यें त्यांना प्रयोगशाळा दिली. ती १९९८ सालीं बंद झाली. तेल बाहेरून आणणाऱ्या जपान देशाच्या सरकारनेंहि १९९० नंतरच्या दशकांत या संशोधनास द्रव्य पुरविलें. ज्यांना हा शोध खरा ठरल्यास अपरंपार लाभ झाला असता, त्यांनींच वर्षानुवर्षें पैसा ओतला आणि अखेर हात आंखडला. दडपणाऱ्यापेक्षां लाभ इच्छिणाऱ्याची निराशा ही अधिक बोलकी साक्ष आहे.

तथापि माझ्यासारखे 'थोतांड' म्हणून मोकळे होणारे लोकहि इतिहासापुढें निर्दोष ठरत नाहींत. १९५१ सालीं अर्जेन्टिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनीं आपल्या आश्रित शास्त्रज्ञानें, रोनाल्ड रिख्टर यानें, एका बेटावर अणुसंमीलन साधल्याचें जाहीर केलें. पुढच्याच वर्षीं तें खोटें ठरलें. पण ती बातमी वाचून प्रिन्स्टनच्या लायमन स्पिट्झर यांचें मन त्या विषयाकडे वळलें, आणि त्यांनीं सुरू केलेलें संशोधन आजतागायत चालूं आहे. एकाच्या बढाईनें दुसऱ्याच्या मनांत खरा प्रश्न जागा केला. शीतसंमीलनाच्या बाबतींतहि असेंच कांहीं घडत आहे. गूगलच्या साहाय्यानें सुमारें तीस संशोधकांनीं हा जुना दावा पुन्हां तपासला. २०१९ सालीं त्यांनीं 'नेचर' पत्रांत प्रसिद्ध केलें कीं, असें संमीलन घडत असल्याचा पुरावा आढळला नाहीं. परंतु उष्णता अचूक मोजण्याचीं व धातूंत हायड्रोजन भरण्याचीं साधनें मात्र या खटपटींत सुधारलीं. २०२३ सालीं अमेरिकन सरकारच्या एका संस्थेनें या प्रश्नाचा कायमचा निकाल लागावा म्हणून आठ गटांना मिळून १ कोटि डॉलर दिले. २०२५ सालीं कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, ड्यूटेरियमच्या माऱ्याखालीं असलेल्या पॅलेडियममध्यें विजेच्या साहाय्यानें आणखी ड्यूटेरियम भरलें, तर संमीलनाचें प्रमाण सरासरी १५ टक्क्यांनीं वाढतें. यांत शक्तीचा लाभ मुळींच नाहीं. घातलेल्या शक्तीपुढें मिळालेली शक्ति नगण्य आहे. परंतु त्यांनीं उष्णतेवर विसंबून न राहतां न्यूट्रॉन मोजले. ज्या साक्षीच्या अभावीं १९८९ चा दावा कोसळला, तीच साक्ष येथें आधीं घेतली गेली.

तेव्हां सामान्य मनुष्यानें काय करावें? त्याच्यापाशीं प्रयोगशाळा नाहीं, आणि वर्तमानपत्रांतील मथळा तर दररोज नवा असतो. माझ्या मतें त्यानें सोनाराचा धर्म पत्करावा. गिऱ्हाइकानें दागिना पुढें केला असतां सोनार त्याचा अपमान करीत नाहीं, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतील पाणी पाहून मोलहि ठरवीत नाहीं. तो तो दागिना कसास लावतो. खरें सोनें कसाला भीत नाहीं. शोधाच्या बाबतींत हा कस तीन प्रश्नांचा आहे. शोधक हजर नसतां, दुसऱ्याच्या हातीं तो प्रयोग साधतो काय? जें मोजलें, तें दुसऱ्या रीतीनें मोजलें तरी तेंच येतें काय? आणि आपली चूक दाखविणाऱ्यास शोधक जवळ करतो, कीं शत्रु समजतो? राँटगेन यांनीं १८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध जाहीर केला, तेव्हां कांहीं आठवड्यांत देशोदेशीं लोकांनीं ते किरण स्वतः काढून पाहिले. कोणाला विश्वास ठेवण्याची गरजच उरली नाहीं. उलट १९०३ सालीं फ्रान्समध्यें ब्लाँडलो यांनीं सांगितलेले 'एन किरण' शोधकास व त्याच्या मित्रांस दिसत, इतरांस दिसत ना. १९०४ सालीं रॉबर्ट वुड यांनीं अंधारांत यंत्रांतील लोलक गुपचूप काढून घेतला, तरी ते किरण दिसतच राहिले! ब्लाँडलो लबाड नव्हते. त्यांच्या आशेनेंच त्यांच्या डोळ्यांस फसविलें होतें.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तम उत्तर १९२६ सालच्या एका गोष्टींत आहे. बर्लिनमध्यें पानेट व पेटर्स यांनीं पॅलेडियमच्या साहाय्यानें हायड्रोजनापासून हेलियम झाल्याचें प्रसिद्ध केलें होतें. पुढच्याच वर्षीं त्यांना दिसून आलें कीं, तो हेलियम उपकरणाच्या कांचेंतून व ॲस्बेस्टॉसमधून आलेला असावा. आणि त्यांनीं आपण होऊन आपला दावा मागें घेतला. शास्त्राच्या इतिहासांत या दोघांचा मान त्यामुळें कमी झाला नाहीं.

कोणी म्हणेल, गरिबाला या कसोट्या कशाला? चुलीच्या धुरानें ज्या माउलीचे डोळे लाल झाले आहेत, भारनियमनाच्या काळोखांत जो मुलगा मेणबत्तीवर परीक्षेचा अभ्यास करतो, त्यांना आशा हवी. मीहि तसल्याच काळोखांत वह्या तपासल्या आहेत, आणि स्वस्त शक्तीची वार्ता वाचून माझेंहि मन उसळतें. परंतु न तपासलेल्या आशेची किंमत अखेर गरीबच देतो. श्रीमंताचे चार पैसे बुडाले तर तो दुसरीकडे गुंतवितो; ज्या समाजानें चमत्काराची वाट पाहत विहिरी खणणें थांबविलें, त्याचें तहानेनेंच मरण ओढवतें. सूर्याच्या उन्हापासून वीज, वाऱ्यापासून वीज, वाया जाणाऱ्या विजेची बचत, हीं कामें आज हातीं आहेत. तीं करीत असतां दूरच्या आशेचा दिवा तेवत ठेवण्यास कोणाची हरकत नाहीं.

आतां त्या मुलाविषयीं. पुढच्या आठवड्यांत मीं त्यास शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेंत बोलाविलें, आणि माझ्या त्या दिवशींच्या उत्तराबद्दल त्याची क्षमा मागितली. तो ओशाळला, मला वाटतें, शिक्षकानें क्षमा मागावी ही गोष्ट त्याला शीतसंमीलनापेक्षांहि अघटित वाटली असावी. मग आम्ही दोघांनीं उष्णतामापक घेऊन वाफेची सुप्त उष्णता मोजली. पुस्तकांत ५४० आहे. आमची ४६० आली. त्यानें दोनदां हिशेब तपासला, तिसऱ्यांदा नळीकडे निरखून पाहिलें, आणि एकाएकीं म्हणाला, "सर, वाफेबरोबर थेंब येताहेत!" मधें थेंब अडविणारें भांडें लावल्यावर ५२५ आली. नंतर मीं त्यास बोलोन्याच्या यंत्राची सारी हकीकत सांगितली. ती अर्धी होते न होते तोंच त्यानें विचारलें, "पण त्यांच्या नळींतून थेंब येत होते कीं नाहीं, हें कोणी पाहिलें?"

या प्रश्नावर त्याला खालीं बसविण्याचें माझ्या मनांतहि आलें नाहीं. आपल्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एवढा एक प्रश्न विचारतां आला, तर पुढें खरा शोध आमच्या दारीं येईल, तेव्हां आम्ही त्याला ओळखूं. आणि खोटा आला, तर त्याला नम्रपणें, पण निश्चयानें, परत पाठवूं.